पणजीत, वजनांची पेटी घेऊन

इचलकरंजीची गाडी पहाटे कदंब स्टँडला लागली
तेव्हा माझ्या हातात शहराचा पत्ता होता, शहर नव्हतं.
दुसऱ्या हातात पितळी वजनांची पेटी,
पाच किलो, दोन, एक,
आणि मखमलीच्या खळग्यांत ग्रॅमांची पिल्लं.
कंपनीनं लिहून दिलेलं : दिवस तीन, काटे एकोणीस,
खरे करा आणि या.

खोली मळ्यात, आनाक्लेता बाईंच्या मागल्या अंगाला.
भिंतीवर निळा, निळ्याच्या पोपड्याखाली जुना निळा,
त्याच्याही खाली कुणाच्या तरी लग्नातला पिवळा.
ऑक्टोबरचा घाम निथळत दारात उभा राहिलो
तर बाई म्हणाल्या, "उदक जाय?"
मला त्यातला ‘जा’ तेवढा ऐकू आला.
पेटी उचलली होती मी.
मग त्यांनी तांब्या पुढे केला आणि हसल्या, दात नसलेलं.
आमच्याकडे उदक फक्त सोडतात,
हातावरून, कशावरचा तरी हक्क संपला म्हणून.
इथे ते पितात.

सकाळी पोदेराचा भोंगा, सायकलवर टोपली,
पोयी अजून गरम.
मग बाजार. काजूवाले, मसालेवाले, एक वाणी, दुसरा वाणी,
प्रत्येकाचा काटा खाऱ्या हवेनं थोडा थोडा खोटं बोलायला शिकलेला.
मी उघडायचो, पुसायचो, वजन ठेवायचो,
आकडा शुद्धीवर येईपर्यंत थांबायचो.

मासळीत मात्र माझं काही चालेना.
शेवंतीच्या पुढ्यात बांगड्यांचे ढीग.
मी विचारलं, किती ग्रॅम?
"हो वांटो," ती म्हणाली. "शंबर."
माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या पेटीकडे पाहिलं,
आणि ढिगावर आणखी एक बांगडा टाकला.
तो कशाचा, हे मला अजून मोजता आलेलं नाही.
बांगडे बाईंनी तळले. मी पाच खाल्ले.

दुपारी शहर झोपतं. दुकानांना कुलपं, कुत्र्यांनाही.
मी आल्तिनची चढण चढलो, भलत्याच बाजूला उतरलो,
त्याच पांढऱ्या चर्चच्या पायऱ्यांशी तीनदा येऊन पोचलो,
चौथ्यांदा पायऱ्यांवर बसूनच घेतलं.
रस्ता विचारला की लोक आधी मलाच विचारतात,
कोणाचा, कुठला, जेवलास का,
आणि मग डावीकडे हात करतात, उजवीकडे बघत.

संध्याकाळी बेतीची फेरी. चालत्या माणसाला तिकीट नाही
म्हणून चार वेळा गेलो, चार वेळा आलो.
कॅसिनोंच्या बोटींचे दिवे पाण्यात पसरले होते,
त्यातून आमची फेरी हळूच, कोणाला न विचारता.
दोरखंड गुंडाळणारा कुष्टा म्हणाला,
"तुका खबर ना? हें जुंवें."
हात फिरवला त्यानं : ही मांडवी, पलीकडे जुवारी,
पाठीमागून कुंभारजुव्याची खाडी.
चारी बाजूंनी उदक.
दोन दिवस मी बेटावर होतो
आणि जमीन समजून पाय आपटत चाललो होतो.

एकोणिसावा काटा सुक्या मासळीच्या दुकानात.
पंधरा ग्रॅम चुकत होता, गिऱ्हाइकाच्या बाजूनं.
स्क्रू लावला तसा उपेंद्र शेटनी माझं मनगट धरलं.
"बापायच्या वेळचो. आसूं तसोच."
म्हटलं, कायदा आहे.
त्यांनी मान डोलावली, आणि मनगट सोडलं नाही.
पलीकडे एक म्हातारी सुंगटांची पिशवी घेऊन उभी,
दोघांच्या भांडणात तिचा वेळ जात होता.

फॉर्मवर अठरा लिहिले.
एक रकाना कोरा. साहेब विचारतील. विचारू देत.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. येताना हा पूल
मी झोपेत ओलांडला होता, घोरत असणार.
आता जागा होतो.
खाली फेरीचा एकुलता दिवा बेतीकडे निघालेला,
कुष्टा असेल, नसेलही.
उदक, मी म्हणालो, शेजारचा दचकला.
पेटी मांडीवर घट्ट धरली.
काही सोडलं नाही.